सावलीतल्या जागेसाठी मोंडो ग्रास

आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तर बाजूला लॉन टिकत नाही. तिथे मोंडो ग्रास लावा. नाव ग्रास असलं तरी हे गवत नव्हे. शतावरीच्या कुळातली, मूळची जपान-चीनकडची बारमाही वनस्पती आहे. जागा भरली की निगा फारशी लागत नाही. मात्र त्याआधी जमीन स्वच्छ हवी.

खरा वैरी लव्हाळा, हे गवतासारखं दिसणारं तण. मोंडोच्या ठोंबात तो घुसला की लांबून ओळखू येत नाही, आणि उपटला तर पात हातात येते, गाठ मातीतच राहून पुन्हा फुटते. म्हणून वाफा वीतभर खणून गाठी वेचा, पाणी द्या, दोन-तीन आठवडे थांबा आणि फुटेल तो परत काढा. ही पाळी चुकवू नका. शंका आली तर फुलाचा दांडा चिमटीत फिरवून पाहा, लव्हाळ्याचा तीन कडांचा लागतो. त्याच्या गाठी काळपट आणि कडक असतात. मोंडोच्याही मुळांना छोट्या गाठी असतात, पण त्या पांढरट आणि रसदार. त्या तोडू नका. झाडाखाली खणताना झाडाची जाड मुळं सांभाळा.

तीन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू पुरे. काळी माती असेल तर वाफा चार-सहा इंच उंच करा, नाहीतर पावसाळ्यात ठोंब बुडाशी सडतात.

लावणी जूनअखेर ते ऑगस्ट. पिशवीतला ठोंब सोडवून प्रत्येक तुकड्याला चार-पाच पाती आणि मुळं राहतील असा फोडा. अंतर सहा इंच ठेवलं तर चौरस फुटाला 4 तुकडे, म्हणजे 10 बाय 3 फुटांच्या वाफ्याला 120. एका पिशवीतून चार तुकडे निघाले तर 30 पिशव्या लागतील. भरायला दीड-दोन वर्षं लागतात; घाई असेल तर चार इंचांवर लावा, पण मग तुकडे दुपटीहून जास्त लागतात. बुटकी जात तर फारच सावकाश पसरते. पातीचा पांढरा बुडखा मातीच्या पातळीवरच ठेवा, गाडू नका.

पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी द्या. शेंडे करपले तर दुपारचं ऊन किंवा बोअरचं खारट पाणी हे कारण असतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाहीये असं समजा. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. जून पानं वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, बुडाच्या तीन इंच वर छाटा आणि पावसाळ्याआधी अर्धा इंच कंपोस्ट पसरा.

रोजची ये-जा मात्र याला सोसत नाही. वाटेत शहाबादी फरशीचे तुकडे पावलाच्या अंतरावर बसवा.