गाईडलाही उत्तर माहीत नसतं

पदवीला मागच्या प्रश्नपत्रिका सोडवून सोडवून मी चांगले मार्क मिळवले होते. त्याच जोरावर मास्टर्सला गेले. पहिल्याच महिन्यात गाईडनी प्रबंधासाठी एक प्रश्न दिला. मी वही उघडून विचारलं, "सर, उत्तर साधारण किती यायला हवं?"

"मला माहीत असतं तर तुला कशाला दिला असता?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. नव्हते करत.

विषय अवघड होतो, वाचन वाढतं, त्याची सवय होऊन जाते. पण मागच्या पानावर उत्तरं छापलेली नाहीत, हे पचायला वेळ लागतो. पुढे मोठा गणितज्ञ झालेला जॉर्ज डँटझिग १९३९ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकत असताना वर्गात उशिरा पोचला आणि फळ्यावरचे दोन प्रश्न गृहपाठ समजून सोडवून मोकळा झाला. संख्याशास्त्रातले ते तोवर न सुटलेले प्रश्न होते! हा किस्सा नव्या मुलांना हमखास ऐकवतात. मला हेवा वाटतो तो त्याच्या गैरसमजाचा. उत्तर असणारच, असं धरून तो बसला होता.

वाचनाचंही तेच. पहिला शोधनिबंध मी पाठ्यपुस्तकासारखा पहिल्या ओळीपासून वाचला. चार दिवस गेले, हायलायटर संपला, सगळी पानं पिवळी झाली आणि डोक्यात काही राहिलं नाही. आता आधी सारांश, मग आकृत्या, मग निष्कर्ष बघते. यातलं आपल्या कामाचं काही आहे असं वाटलं तरच पद्धतीच्या भागात शिरते. बरेचसे पेपर दहा मिनिटांत बाजूला पडतात, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

माझी खरी चूक मात्र वेगळी. दाखवण्यासारखं काही नाही म्हणून मी गाईडबरोबरच्या दोन भेटी टाळल्या. पदवीला अर्धवट वही कोण दाखवतं? इथे मागे लागणारंही कुणी नसतं, त्यामुळे महिना सहज वाया जातो. तिसऱ्या भेटीला नाइलाजाने फसलेल्या प्रयोगांची वहीच घेऊन गेले. तारखांसकट, खाडाखोडीसकट. एका आलेखापाशी सर थांबले. सरळ रेष यायची तिथे मधेच खड्डा पडला होता. तो माझ्या हातून बिघडला, असं मी सांगायला लागले.

"थांब," म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून माझंच पेन मागून घेतलं. "हे पुन्हा करून बघितलंस?"