मालवाहू आणि टँकर विमानाचं खरं वय कसं काढायचं

"साठ वर्षांचं विमान अजून उडवताय, भंगारात काढा" असं जुन्या लष्करी विमानाच्या बातमीखाली कोणीतरी लिहितंच. भाऊ, जरा थांबा. जुना ट्रॅक्टर घेताना आपण मॉडेल विचारतो पण नजर जाते मीटरवर, किती तास चाललाय, विमानाचंही तसंच आहे.

तर आधी बघायचं किती तास उडालं, मग किती वेळा उतरलं, आणि मग कॅलेंडर, कारण नुसतं उभं राहिलं तरी गंज लागतोच. तिघांपैकी जे आधी संपेल तिथं गाडी अडते. अमेरिकेचं केसी-135 टँकर, म्हणजे हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारं विमान, 1957 ला सेवेत आलं, शेवटचं 1965 ला बनलं, तरी उडतंय, कारण शीतयुद्धात ही विमानं बराच काळ अलर्टवर जमिनीवरच उभी असायची, तास कमी भरले, त्यांना त्रास गंजाचा जास्त. आपल्या हवाई दलाचं मालवाहू एएन-32 1984 पासून आहे, मूळ आयुष्य 25 वर्षं, अपग्रेडमध्ये ते 40 केलं.

मग काम काय केलं ते विचारा, हे सगळ्यात महत्त्वाचं. सावद्याच्या एका गॅरेजमध्ये केळीच्या ट्रकच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा मी हातात घेऊन बघितलाय, मधल्या बोल्टच्या भोकापासून चीर निघालेली, अर्धा भाग काळा पडलेला म्हणजे तिथं महिनोन्महिने फाटत होतं, आणि उरलेला चकचकीत, तो त्याच दिवशी गेलेला. विमानाच्या पंखातही असंच होतं, रिव्हेटच्या भोकापासून केसाएवढी चीर निघते आणि प्रत्येक उड्डाणाला थोडी थोडी वाढते. म्हणून खाली खाली डोंगरदऱ्यातून माल नेणारं, कच्च्या पट्टीवर उतरणारं विमान, वर शांतपणे घिरट्या घालणाऱ्या टँकरपेक्षा लवकर थकतं, तास सारखेच असले तरी. सी-130 ह्या मालवाहू विमानाच्या पंखाचा मधला पेटाराच बदलतात तो ह्याचसाठी.

आता पार्ट. इथंच खूप विमानं मरतात आणि लोक वयाला दोष देतात. अमेरिकेचंच दुसरं टँकर केसी-10 1981 चं, म्हणजे 135 पेक्षा कितीतरी तरुण, पण बनलीच फक्त 60, छोटा ताफा सांभाळणं महाग पडतं, सप्टेंबर 2024 ला ते रिटायर झालं आणि म्हातारं 135 राहिलं. आपल्याकडे आयएल-78 टँकर सहाच, 2003 पासून, आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2017 च्या अहवालात उड्डाणाला तयार असण्याचं प्रमाण सरासरी 49 टक्के निघालं, हवं होतं 70. ह्याची मला खरंच काळजी वाटते, कारण टँकर नसेल तर फायटर लांब जाणार कसं?

शेवटचं, बदली तयार आहे का बघा. आपल्या हवाई दलात जुन्या मालवाहू ॲव्रोच्या जागी नवं सी-295 यायला सप्टेंबर 2023 पासून सुरुवात झाली.

रिटायर झालं की लगेच कापत नाहीत. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसानजवळ वाळवंटात उभी करतात, हवा आपल्या खानदेशातल्या मे महिन्यासारखी कोरडी, गंज हळू चढतो, फटी सील करून ठेवतात, आणि तिथल्याच जुन्या 135 चे पार्ट काढून उडणाऱ्या 135 ला बसवतात.