हँडगनने हरणाची शिकार करायचीय? आधी पुंगळीची लांबी बघा

ओळखीतले काही जण विचारतात की रिव्हॉल्व्हर घरात आहेच, हंटिंगचं लायसन्स पण काढतोय, मग या नोव्हेंबरात हरणाला तेच घेऊन जाऊ का. याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण इथे अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि ते बंदूक कमी बघतात आणि काडतूस जास्त बघतात. मी इंडियानात शिकले म्हणून तिथूनच सांगते. हंटर एज्युकेशनचा कोर्स, ऑरेंज जॅकेट, हरीण मारल्यावर ४८ तासांच्या आत त्याची नोंद, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

फक्त एक गोष्ट आपल्या लोकांसाठी आधी, कारण आपल्यातले बरेच जण व्हिसावर आहेत. एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतूस, दोन्ही जवळ बाळगायला मुळातच बंदी आहे, आणि त्यातून सूट मिळण्याची नेहमीची वाट म्हणजे मुदतीत असलेलं हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मगच बंदुकीला हात. मित्राची बंदूक आहे, मी नुसती धरली, असली कारणं देत बसू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही, पण बंदुकीच्या कायद्याखाली गुन्हा सिद्ध झाला तर त्यांचंही इथलं राहणं धोक्यात येतं. घाबरवायला सांगत नाहीये, क्रम नीट पाळला तर काहीच अडचण येत नाही.

आता मुख्य मुद्दा. मी शिकले तेव्हा इंडियानाच्या शिकारीच्या नियमांच्या पुस्तिकेत हँडगनसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी, तीन अटी होत्या. बॅरल, म्हणजे नळी, किमान ४ इंच, गोळीचा व्यास किमान .२४३ इंच, आणि काडतुसातून गोळी काढल्यावर उरते ती पितळी पुंगळी किमान १.१६ इंच लांब. पहिल्या दोन अटी सगळे वाचतात आणि सगळ्यांच्या लक्षात राहतात. तिसरी वाचतात आणि सोडून देतात. मीही त्यातच अडकले, आणि म्हणून हे जरा जास्तच सविस्तर सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल काडतूस आरामात बसतं आणि सुटतं. नेमबाजीच्या रेंजवर सगळे तेच वापरतात कारण ते स्वस्त पडतं आणि हाताला धक्का कमी बसतो. नावात ३८ आणि ३५७ असले तरी दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळपास सारखाच, .३५७ इंचाच्या आसपास. मग नवीन माणूस काय विचार करतो, की रिव्हॉल्व्हर चालतं, बॅरल ६ इंच आहे, गोळी .२४३ पेक्षा कितीतरी जाड आहे, म्हणजे काम झालं. नाही झालं! .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच असते. अट १.१६ ची. इंचाच्या हजार भागांपैकी फक्त पाच भाग कमी, डोळ्याला दिसणारच नाही असा फरक, आणि तेवढ्यावर ते काडतूस हरणासाठी बेकायदा. .३५७ मॅग्नमची पुंगळी १.२९ इंच, ती चालते. यामागे इतिहास आहे. .३८ स्पेशल आलं १८९८ च्या सुमारास, मॅग्नम आलं १९३५ मध्ये, आणि मॅग्नमची पुंगळी मुद्दाम लांब ठेवली की ते जोरकस काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. म्हणजे मोठ्यात लहान जातं, लहानात मोठं जात नाही. बंदूक तुम्हाला अडवत नाही, म्हणून स्वतःलाच बघावं लागतं.

आणि हा नियम निव्वळ ताकदीचा आहे असंही समजू नका. .४४ स्पेशल जुनं आणि मवाळ काडतूस आहे, पण पुंगळी बरोबर १.१६, म्हणून पास. १० एमएम ऑटो त्याच्यापेक्षा जोरात मारतं पण पुंगळी ०.९९२, म्हणून नापास, .४५ एसीपी पण नापास. .४४ मॅग्नम, .४१ मॅग्नम, .४५ कोल्ट बिनधास्त चालतात. गोळी फुल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण धातूच्या आवरणाची, नको, कारण ती फुलत नाही, आरपार निघून जाते आणि हरीण जखमी होऊन लांब कुठेतरी जाऊन मरतं. ही अट कायद्यात नसती तरी मी पाळली असती.

शेजारच्या राज्यात गेलात की मोजमापच बदलतं. ओहायोत सरळ, म्हणजे तोंडाशी एकदम अरुंद न होणाऱ्या पुंगळीचं, .३५७ किंवा मोठ्या कॅलिबरचं (गोळीच्या व्यासाचं) काडतूस आणि किमान ५ इंच बॅरल, त्यामुळे तिथे १० एमएम चालतं, पण ९ एमएमची गोळी .३५५ म्हणून ते बाद. इलिनॉयमध्ये सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारं पिस्तूलच चालत नाही, रिव्हॉल्व्हर किंवा एका वेळी एकच गोळी भरायचं सिंगल-शॉट, आणि वर गोळीला किमान ५०० फूट-पाउंड ऊर्जेची अट. पेनसिल्व्हेनियातही हरणाला सेमी-ऑटो हँडगन नाही. टेक्सासमध्ये एवढी मोजामोजी नाही, पण रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून सुटणारं काडतूस, हरणाला चालत नाही. म्हणून "माझ्या भावाला तिकडे चाललं" हा पुरावा धरू नका.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. मला ज्यांनी नेम धरायला शिकवलं ते काका नेमबाज म्हणून उत्तमच होते, पण नियम त्यांनी तरुणपणी पाठ केलेले आणि पुन्हा उघडून बघितलेले नाहीत. मी त्यांना .३८ बद्दल विचारलं तर म्हणाले, चालतंय की. नेम त्यांच्याकडून शिका, कायदा या वर्षीच्या पुस्तिकेतून शिका. नियम खरंच हलतात, इंडियानात २०१६ पासून खाजगी जमिनीवर रायफलची काही काडतुसं चालायला लागली, त्याआधी चालत नव्हती. आणि दुकानातल्या माणसाला "हरणाला चालेल का" एवढंच विचारू नका, तो बंदुकीबद्दल उत्तर देईल आणि तुम्ही काडतुसाबद्दल समजाल.

हे वाचून हिरमुसू नका. व्हाइटटेल हरणं या भागात भरपूर आहेत आणि नियम एकदा डोक्यात बसले की अवघड नाहीत. पण माझं ऐकाल तर पहिला सीझन शॉटगन किंवा मझल-लोडरवर (नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीवर) काढा. हँडगनचा नेम फार हळू येतो, लोक बॉक्सवरचे आकडे बघून शंभर यार्डांच्या गप्पा मारतात. ८ इंचाची कागदी डिश लावा, ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी तिच्यात बसते तेवढीच तुमची हद्द, मग ती पंचवीस यार्ड असली तरी चालेल.

निघायच्या आदल्या दिवशी बॉक्सवर विसंबू नका, रेंजवरून येताना काडतुसं एकमेकांत मिसळतात. प्रत्येक काडतूस उलटं करून बुडावरचा शिक्का वाचा, ३५७ मॅग्नम असंच लिहिलेलं पाहिजे. रेंजचे .३८ जंगलातल्या जॅकेटच्या खिशात राहू देऊ नका. आणि .३८ भरपूर मारल्या असतील तर सिलिंडरच्या घरांमध्ये पुढच्या बाजूला काजळीचं कडं जमतं, मग लांब पुंगळी नीट आत बसत नाही, ते कडं ब्रशने घासून काढा आणि रिकामं रिव्हॉल्व्हर पुन्हा एकदा तपासूनच पॅक करा.