एनर्जीप्लसमध्ये शेडनेट किंवा पॉलिकार्बोनेटचं छत दाखवताना

खिडकीवर पॉलिकार्बोनेटचं छत किंवा गच्चीवर हिरवी शेडनेट असेल, तर ती शेडिंग सरफेस (सावली पाडणारा पृष्ठभाग) म्हणून काढली की एनर्जीप्लस, म्हणजे इमारतीच्या ऊर्जावापराचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर, ती भिंतीसारखी अपारदर्शक धरतं आणि उन्हाचा भार कमी दिसतो. 'ट्रान्समिटन्स शेड्यूल नेम' ही जागा रिकामी राहिली की ऊन आरपार जाण्याच्या प्रमाणाची (ट्रान्समिटन्सची) किंमत 0 धरली जाते, एवढंच कारण.

1. 0 ते 1 मर्यादेचं कॉन्स्टंट शेड्यूल (वर्षभर एकच किंमत देणारं वेळापत्रक) करा. 40 टक्के ऊन आरपार जात असेल तर 0.4.
2. त्याचं नाव त्या सरफेसच्या 'ट्रान्समिटन्स शेड्यूल नेम' या जागेत भरा.
3. पावसाळ्यात नेट काढून ठेवत असाल, तर महिन्यांप्रमाणे बदलणारं शेड्यूल द्या. त्या काळात किंमत 1.

शेडनेटवरचा आकडा सावलीचा असतो, उजेडाचा नाही. '75 टक्के' नेटसाठी साधारण 0.25 भरायचं. इथे हमखास उलटं होतं.

छत जाडीसकट खोक्यासारखं काढू नका, एकच पातळ सरफेस पुरे. एकावर एक आलेल्या सरफेसच्या किमतींचा गुणाकार होतो: वर 0.5, खाली 0.5, म्हणजे आत फक्त 0.25. स्केचअप या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून आयात केलेल्या मॉडेलमध्ये हे आवर्जून तपासा.

एक मर्यादा मात्र आहे. ही किंमत उन्हाच्या कोनाप्रमाणे बदलत नाही. काचेवर तिरपं ऊन पडलं की प्रत्यक्षात कमी आत येतं, त्यामुळे काचेच्या छताखाली सकाळ-संध्याकाळचे आकडे थोडे जास्तच येतील.