रातांब्यांचं सरबत, सोलकढी, पन्हं आणि सासव: मे महिन्यातल्या कोकणी पाककृती

एप्रिल सरता सरता रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजारात रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळांच्या (मालवणाकडे भिरंडांच्या) टोपल्या दिसू लागतात. पुढचे जेमतेम पाच-सहा आठवडे सरबत घालायचे. पाऊस लागला की फळ पाणी पितं, सालीला बुरशी धरते आणि उन्हात ठेवायला ऊनच राहत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ जात बागायतदारांना आवडते ती यामुळेच: साल जाड आणि फळ पावसाआधी हाती येतं.

अमृत कोकम

गर्द लाल, पण दाबल्यावर घट्ट लागणारे रातांबे निवडा. हिरवट फळाला रंग येत नाही, पिचलेलं फळ बरणीत आंबतं.

१. फळं धुऊन फडक्यावर पसरा आणि एकेक पुसून कोरडं करा. सरबत बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच, देठाच्या खाचेत राहिलेल्या पाण्यामुळे.

२. आडवं कापून दोन वाट्या करा. बिया आणि गर वेगळ्या भांड्यात काढा, टाकू नका.

३. सालींचं वजन करा. १ किलो सालींना २ किलो साखर. आकडा जास्त वाटतो म्हणून साखर कमी करायचा मोह होतो, पण इथे ती गोडीपेक्षा टिकण्यासाठी असते. कमी पडली की चौथ्या-पाचव्या दिवशी फेस येतो आणि आंबूस वास सुटतो.

४. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत तळाला साखर पसरा. वाट्यांमध्ये साखर भरून थर लावा, वरचा थर साखरेचा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नको. कोकमाचं आम्ल धातूला खातं आणि सरबताला कळकट चव येते.

५. तोंडाला दादरा बांधून बरणी ७-८ दिवस कडक उन्हात ठेवा, संध्याकाळी घरात घ्या. रोज कोरड्या लाकडी चमच्याने तळापासून हलवा, कारण साखर खाली बसते.

६. साखर पूर्ण विरघळली की गाळा. लिटरभर पाकाला २ चमचे मीठ आणि २ चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून कोरड्या बाटल्यांत भरा.

पेल्याला दोन-तीन मोठे चमचे पाक आणि थंड पाणी. रंग माणकासारखा पारदर्शक हवा. गाळून राहिलेल्या साली उन्हात वाळवल्या की मुलं गोळ्यांसारख्या संपवतात.

बाजूला ठेवलेल्या बिया-गराचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, होतं. किलोभराला १५० ते २०० ग्रॅम जाडं मीठ घाला, आठवडाभर रोज ढवळा, गाळा, बाटलीत भरा. हे वर्षभर टिकतं.

सोलकढी

चार माणसांना एक मध्यम नारळ. हलवल्यावर पाणी वाजणारा, पक्का नारळ घ्या. कोवळ्या खोबऱ्याला दूधच कमी निघतं. खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ देऊ नका, नाहीतर कढी मळकट दिसते.

खोबरं, ३ लसूणपाकळ्या, १ हिरवी मिरची आणि पाव चमचा जिरं वाटीभर कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळा. चोथ्यात पुन्हा वाटीभर कोमट पाणी घालून दुसरं दूध काढा. पाणी कोमटच हवं: गार पाण्यात खोबऱ्याचा स्निग्धपणा नीट सुटत नाही. दोन्ही दुधं एकत्र करून त्यात आगळ एकेक चमचा घालत चाखा. तीन-चार चमच्यांत सुंदर गुलाबी रंग येतो. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आगळ मुळातच खारट असतं.

आगळ नसेल तर १०-१२ आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. जुनी, काळी पडलेली आमसुलं घेतली तर कढी गुलाबीऐवजी विटकरी होते; चव चालते, रूप जातं.

सोलकढी गॅसवर ठेवायची नाही. आंबट घातलेलं नारळाचं दूध तापलं की फाटतं. फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर तेलाची साय गोठते, तीही तापवून नव्हे तर थोडा वेळ बाहेर ठेवून, ढवळून मोडावी. मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर तीन तासांहून जास्त भरवसा नाही. जेवणाआधी तासभर करणं उत्तम.

पन्हं

कैरीचा देठ कापून ती अर्धा तास पाण्यात ठेवा. चीक राहिला तर पन्हं घशाला खवखवतं. मग कुकरच्या भांड्यात, आत पाणी न घालता, तीन शिट्ट्या. गर चाळणीवर घासून घ्या म्हणजे दोरे राहत नाहीत. गर गरम असतानाच गूळ मिसळा: रायवळ (गावठी) कैरी असेल तर वाटीला दीड वाटी, हापूसची असेल तर एक पुरतो. वेलची, चिमूटभर मीठ. हा बलक फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. पाणी आयत्या वेळी.

रायवळ आंब्याचं सासव

इथे हापूस वापरू नये. त्याला नुसती गोडी; सासवाला आंबटगोड, दोरेदार, छोटे रायवळच हवेत. ७-८ पिकलेले आंबे सोलून बाठ्यासकट भांड्यात ठेवा, सालींना लागलेला रस अर्धी वाटी पाण्यात कोळून त्यावर ओता.

वाटीभर ओलं खोबरं आणि ३ सुक्या मिरच्या बारीक वाटा. एक चमचा मोहरी कढईत नुसती कोमट करा. तडतडली तर तिखटपणा गेला, करपली तर सगळं कडू. ती वाटणात शेवटी घालून मिक्सर दोनदाच फिरवा, कारण जास्त वाटलेली मोहरीही कडवटते. वाटण, लिंबाएवढा गूळ आणि मीठ आंब्यांना लावा. आंबे फार आंबट निघाले तर गूळ वाढवा.

काहीजण याला उकळी देतात, पण मोहरीचा नाकात जाणारा झणका वाफेबरोबर उडतो. कच्चंच ठेवलेलं बरं. अर्धा तास मुरू द्या, वरून खोबरेल तेलात हिंग-कढीपत्त्याची फोडणी, सोबत गरम भात. त्याच दिवशी संपवा. रात्रीपर्यंत खोबरं विटायला लागतं.