गीझरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतोय?

आधी थंड पाण्याचा नळ सोडून वास घ्या. त्यालाही येत असेल तर गीझरला हात लावू नका, दोष सोसायटीच्या टाकीत किंवा टँकरच्या पाण्यात शोधा. ठाण्यात घोडबंदर रोडकडच्यांना टँकरचं वेगळं सांगायला नको. फक्त गरम पाण्यालाच वास असेल, तर बहुधा टाकीतल्या ॲनोड रॉडचा संबंध असतो.

हा मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. पण पाण्यात सल्फेट असेल, तर त्यावर जगणारे जिवाणू या झिजेच्या जोरावर हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. गीझर बरेच दिवस बंद किंवा कोमट राहिला की त्यांचं फावतं.

गीझरचा एमसीबी (बोर्डातला सुरक्षा-स्विच) पाडा, पाणी थंड होऊ द्या, इनलेटचा म्हणजे थंड पाणी आत येण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा. बऱ्याच उभ्या गीझरमध्ये रॉड खालच्या झाकणाआड, हीटिंग एलिमेंटच्या प्लेटलाच असतो. मधली तार उघडी पडली असेल तर तो संपला. जुना रॉड दुकानात नेऊनच आटे आणि लांबी जुळवा. मिळाला तर ॲल्युमिनियम-झिंकचा घ्या, त्याने वास कमी येतो. झाकणाचं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारं रबरही नवीनच बसवा, जुनं हमखास गळतं. तळाला साचलेला पांढरा क्षार धुऊन काढा. वायरिंगची सवय नसेल तर मेकॅनिक बोलवा, पण रॉड काढून तसंच बंद करू देऊ नका. वास जाईल आणि टाकीही लवकर जाईल.

गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्यावरच स्विच चालू करा.