मिरचीच्या रोपांना पावसात आडोसा

जूनचा पाऊस लागला की खोला मिरचीची (गोव्यातल्या काणकोणची लाल मिरची) कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडायची. बुरशीनाशकापेक्षा आडोसा महत्त्वाचा, हे माझं ठाम मत.

वाफ्याच्या दोन्ही कडांना सळीचे तुकडे ठोकले, त्यांत अर्ध्या इंचाचे पीव्हीसी पाइप कमानीसारखे वाकवून बसवले आणि वर २०० मायक्रॉनचं यूव्ही प्लास्टिक ताणलं. साधं प्लास्टिक उन्हाने लवकर तडकतं. दोन्ही तोंडं उघडीच ठेवली. गोव्यात ऊब कोंडायची नसते, पाऊस अडवायचा असतो. बंद ठेवलं तर आतून घाम धरतो, थेंब पानांवर ठिबकतात, पुन्हा बुरशी. मे महिन्याच्या उन्हात वरून माडाची चुडतं (झावळ्या) टाकतो.

आता रोपं ताठ उभी असतात. प्लास्टिकच्या कडेवर चिरे मात्र ठेवाच, वारा सगळं उचलून नेतो.